पोथीशास्त्राच्या कसोटीवर युक्रेनमधील लहान गांवांचीं वस्तुसंग्रहालयें

पोथी हातीं आली म्हणजे संशोधक प्रथम तीन गोष्टी पाहतो. मूळ लेखकाच्या हातचें अक्षर कोणतें, मागाहून दुसऱ्यानें भरलेलें कोणतें, आणि जेथें पत्र फाटलें किंवा कसरीनें खाल्लें तेथें वाचणारानें केवळ तर्कानें घातलेलें कोणतें. ह्या तिहींची सरमिसळ झाली कीं चांगली पोथीहि पुराव्याच्या कामीं निरुपयोगी होते. तीं निरनिराळीं दाखविलीं म्हणजे जीर्णशीर्ण पोथीहि बोलूं लागते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें सिद्ध केलेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तींत, जेथें पाठाविषयीं संपादकांस पुरता निश्चय वाटला नाहीं तेथें अक्षरांखालीं नागमोडी रेघ ओढलेली आहे. ती रेघ म्हणजे संपादकाच्या प्रामाणिकपणाची खूण होय. वस्तुसंग्रहालयें व प्राचीन स्थळें ह्यांनाहि हीच कसोटी लावावी असें आमचें म्हणणें आहे, आणि ती लावून पाहण्यासाठीं युक्रेन देशांतील कांहीं लहान गांवें आम्हीं ह्या लेखांत घेतलीं आहेत.

हींच गांवें कां घेतलीं, असें कोणी विचारील. ह्या भूमीवर पोलंड-लिथुएनियाचें संयुक्त राज्य, तुर्क, ऑस्ट्रिया, रशिया व त्यानंतर सोव्हिएट सत्ता अशा अनेक राजवटी, कधीं आळीपाळीनें तर कधीं एकाच वेळीं निरनिराळ्या भागांत, नांदल्या. प्रत्येकीनें कांहीं बांधलें, कांहीं पाडलें, आणि पुष्कळसें एका ठिकाणाहून उचलून दुसऱ्या ठिकाणीं नेलें. १९९१ सालीं देश स्वतंत्र झाल्यावर, जें पाडलें गेलें होतें तें पुन्हां उभारण्याची लोकांस साहजिकच ओढ लागली. त्यामुळें मूळ जागीं टिकलेलें, स्थानांतर पावलेलें, नव्यानें रचलेलें आणि नष्ट झालेलें, अशा चारहि अवस्थांचीं उदाहरणें ह्या एका देशांत पाहावयास मिळतात. मोठ्या राजधानीच्या संग्रहालयांत वस्तूंची गर्दी इतकी असते कीं, ही वस्तु येथें कां, हा प्रश्न मागें पडतो. लहान गांवीं तो चुकवितां येत नाहीं. ह्या स्थळांविषयीं जी माहिती, जीं छायाचित्रें व उत्खननांचे जे वृत्तांत प्रसिद्ध झालेले आहेत, ते पुढें ठेवून आम्ही हें परीक्षण लिहीत आहों.

१. ओस्त्रोह

रिव्ने प्रांतांतील ओस्त्रोह हें गांव ग्रंथप्रेमी मनुष्यानें आधीं पाहावें. कोस्त्यांतिन-वासिल ओस्त्रोझ्स्की ह्या तेथील संस्थानिकानें १५७६ सालीं तेथें एक विद्यापीठ स्थापन केलें, आणि इवान फेदोरोव ह्या मुद्रकास आश्रय दिला. हा फेदोरोव मोठा फिरता मनुष्य. १५६४ सालीं मॉस्को येथें व १५७४ सालीं ल्वीव येथें त्यानें ग्रंथ छापले होते. ओस्त्रोहास आल्यावर त्यानें १५७८ सालीं एक बाळबोध पुस्तक छापलें, आणि १५८१ सालीं चर्च-स्लाव्ह भाषेंतील संपूर्ण बायबल छापून पुरें केलें. ह्या भाषेंत संपूर्ण बायबल छापून निघण्याची ही पहिलीच वेळ होती. ग्रंथ ६२८ पत्रांचा आहे.

आमच्या वाचकांस ह्यांतील छपाईपेक्षां संपादन अधिक मनोवेधक वाटेल. ओस्त्रोझ्स्कीनें हातीं लागेल ती प्रत छापावयास दिली नाहीं. नोव्हगोरोद येथें १४९९ सालीं सिद्ध झालेल्या संपूर्ण हस्तलिखिताची प्रत त्यानें मॉस्कोहून मिळविली; इतर प्रति गोळा केल्या; आणि हेरासिम स्मोत्रित्स्की प्रभृति पंडितांकडून त्या ग्रीक पाठाशीं ताडून पाहविल्या. म्हणजे हस्तलिखितांचा संग्रह, त्यांची तुलना आणि पाठनिश्चय, हीं तिन्ही कामें सोळाव्या शतकांत एका लहानशा गांवीं घडलीं.

ह्या गांवच्या जुन्या तटाच्या लुत्स्क वेशीवरील बुरुजांत १९८५ सालीं ग्रंथ व मुद्रणकला ह्यांचें संग्रहालय उघडण्यांत आलें. गढीच्या टेकडीवर दगडी बुरूज, गोल बुरूज व चर्च हीं उभीं आहेत, आणि गढींतील स्थानिक इतिहासाचें संग्रहालय १९१६ पासूनचें आहे. जेथें ग्रंथ छापला त्याच गांवच्या वेशींत जुने ग्रंथ पाहावयास मिळावे, हा योग दुर्मिळ आहे. वस्तु आणि स्थळ परस्परांस साक्ष देतात. एकाविषयीं शंका आली तर दुसऱ्यास विचारतां येतें.

तथापि ग्रंथसंग्रहालयांच्या एका अंगभूत उणिवेकडे येथें लक्ष वेधलें पाहिजे. काचेच्या पेटींत उघडून ठेवलेला ग्रंथ एका वेळीं दोनच पृष्ठें दाखवितो, आणि प्रेक्षक त्या पृष्ठांवरील नक्षी पाहून पुढें जातो. ओस्त्रोहच्या बायबलाचें मोठेपण नक्षींत नसून पाठनिर्णयांत आहे. एकच वचन १४९९ च्या प्रतींत कसें आहे, ग्रीक ग्रंथांत कसें आहे, आणि संपादकांनीं छापतांना कोणतें स्वीकारलें, असा एक जरी तक्ता ग्रंथाशेजारीं टांगला, तरी त्या गांवीं काय घडलें तें सामान्य मनुष्यासहि कळेल. ग्रंथाची वस्तु म्हणून पूजा करणें सोपें. ग्रंथ म्हणून तो उलगडून दाखविणें हें संग्रहालयाचें खरें काम.

२. पेरेसोप्नित्सिया

त्याच प्रांतांत पेरेसोप्नित्सिया हें खेडें आहे. ओस्त्रोहच्या अगदीं उलट अवस्था येथें आढळते: स्थळ आहे, पण मूळ वस्तु तेथें नाहीं. ह्या खेड्याच्या नांवानें प्रसिद्ध असलेलें शुभवर्तमानाचें हस्तलिखित १५५६ सालीं लिहावयास घेतलें व १५६१ सालीं पुरें झालें. चर्मपत्राचीं ४८२ पत्रें, वजन नऊ किलोंहून अधिक, आणि समासांतील वेलबुट्टी अत्यंत रेखीव. लेखक मिखाइलो वासिलोविच हा सानोकच्या एका धर्मोपदेशकाचा मुलगा. पेरेसोप्नित्सियाच्या मठाचा अधिपति हिरहोरी ह्याच्या देखरेखीखालीं हें काम झालें. आणि नास्तास्या झास्लाव्स्का ह्या राजघराण्यांतील स्त्रीनें त्यासाठीं द्रव्य पुरविलें. ही सर्व हकीकत ग्रंथांतील पुष्पिकांवरूनच कळते. सामान्य ख्रिस्ती लोकांस अर्थ नीट कळावा म्हणून हें भाषांतर केलें, असा हेतुहि लेखकानें नमूद केला आहे. काल, स्थळ, लेखक, दाता व हेतु, हीं पांचहि अंगें एकाच पोथींत स्वहस्तें नोंदलेलीं सांपडावीं, ह्याचें मोल पोथ्या हाताळणारांस निराळें सांगावयास नको.

ह्या ग्रंथाचा पुढील प्रवासहि त्यावरील नोंदींवरून लागतो. इवान मझेपा ह्या कोसॅक अधिपतीनें १७०१ सालीं तो पेरेयास्लाव येथील मुख्य चर्चास अर्पण केला. १८३७ सालीं ओसिप बोद्यान्स्की ह्या पंडिताच्या दृष्टीस तो तेथील धर्मपाठशाळेच्या ग्रंथालयांत पडला, व विद्वानांत त्याची प्रसिद्धि झाली. हल्लीं तो कीव येथील वेर्नाद्स्की राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. १९९१ पासून युक्रेनचे राष्ट्राध्यक्ष अधिकारग्रहणाची शपथ ह्या ग्रंथावर हात ठेवून घेतात.

ग्रंथाच्या समाप्तीस साडेचारशें वर्षें झालीं तेव्हां, म्हणजे २०११ सालीं, पेरेसोप्नित्सिया येथें एक सांस्कृतिक व पुरातत्त्वविषयक केंद्र उघडलें. तेथें जाणाऱ्या प्रेक्षकास मूळ ग्रंथ दिसत नाहीं. त्याची हुबेहूब छापील प्रतिकृति दिसते. मूळ ग्रंथ गांवास परत द्यावा असें म्हणणारे भाविक पुष्कळ असतील, परंतु आम्ही त्या मताचे नाहीं. चर्मपत्रास उष्णता व दमटपणा ह्यांचा जो जाच होतो तो सांभाळण्याची सोय मोठ्या ग्रंथालयांतच असते. शिवाय ज्या ग्रंथावर राष्ट्राची शपथ घेतली जाते तो एका गांवाचा राहिलेला नाहीं. प्रतिकृति ही प्रतिकृति आहे असें स्पष्ट सांगितलें म्हणजे तिची किंमत कमी होत नाहीं, उलट वाढते. मूळ पोथीस बोट लावतां येत नाहीं, प्रतिकृतीचीं पत्रें उलटून पाहतां येतात.

मात्र अशा गांवानें राजधानीशीं वस्तूच्या बाबतींत स्पर्धा करूं नये. गांवाजवळ स्थळ आहे, आणि तें राजधानीजवळ नाहीं. मठ कोणत्या उंचवट्यावर होता, नदी व वाट कोणीकडे, जमिनींतून काय निघालें, हें दाखवावें. प्रतिकृतीच्या शेजारीं पुष्पिकेचा सोप्या भाषेंतील अर्थ मांडावा, म्हणजे त्यांतील गांवाचें नांव वाचून प्रेक्षक खिडकींतून बाहेर तेंच गांव पाहील. हा अनुभव कीवच्या ग्रंथालयास देतां येणार नाहीं.

३. पेरेयास्लाव

ज्या पेरेयास्लावास मझेपानें तो ग्रंथ दिला, तें नीपर नदीच्या खोऱ्यांतील गांव हें आमचें तिसरें उदाहरण. १९४३ सालीं त्याच्या नांवास ख्मेल्नित्स्की ह्याचें नांव जोडण्यांत आलें होतें. २०१९ सालीं जुनें नांव पुन्हां रूढ केलें. गांव लहान, पण संग्रहालयें वीसांहून अधिक. ह्याचें श्रेय मुख्यतः मिखाइलो सिकोर्स्की (१९२३–२०११) ह्या एका गृहस्थाकडे जातें. १९५१ पासून अर्धशतकाहून अधिक काळ तो तेथील संग्रहालयाचा चालक होता. १९६४ सालीं त्यानें उघड्या मैदानावर लोकवास्तूंचें संग्रहालय सुरू केलें. युक्रेनमध्यें ह्या तऱ्हेचें हें पहिलें. शेतकऱ्यांचीं घरें, पवनचक्क्या, लांकडी चर्चें गांवोगांवांहून उकलून आणून तेथें पुन्हां जोडलीं आहेत.

ह्या कामामागें एक निकड होती. नीपर नदीवर कानिव येथें धरण झालें आणि १९७० नंतरच्या दशकांत त्याच्या जलाशयाखालीं कांठचीं गांवें बुडालीं. जीं घरें उचललीं गेलीं तींच आज उरलीं आहेत. वास्तु मूळ जागेवरून हलवूं नये हा नियम आम्हांस मान्य आहे. पण ज्या जागेवर पाणी येणार तेथें तो नियम कोणास सांगावयाचा? मातृका नष्ट झाली म्हणजे तिच्यावरून केलेली नक्कलच मातृकेच्या पदास चढते, हें आपण पोथ्यांच्या व्यवहारांत नित्य पाहतों. पेरेयास्लावच्या मैदानावरील घरांचें स्थान तेंच आहे. म्हणूनच त्यांच्या बाबतींत नोंदीची जबाबदारी अधिक. घर कोणत्या गांवचें, कोणत्या दिशेस तोंड करून होतें, शेजारीं काय होतें, कोणता वासा जुना व कोणता जोडतांना नवा घातला, हें लिहून ठेवल्यावांचून तें घर नुसतें शोभेचें राहील.

येथील एका वास्तूविषयीं फार मतभेद होण्याजोगा आहे. व्यूनिश्चे ह्या बुडीत गांवचें संत पारास्केवाचें लांकडी चर्च ह्या मैदानावर आणून उभें केलें आहे, आणि त्याच्या आंत सोव्हिएट काळांत अवकाशप्रवासाचें संग्रहालय मांडण्यांत आलें. बाहेरून घुमटाचें देवालय, आंत अंतराळयात्रेचें साहित्य! पाहणारास हें विडंबन वाटेल. परंतु त्या काळचें सरकार धर्मस्थानांस प्रतिकूल होतें, आणि रिकामें चर्च पाडलें जाण्यास वेळ लागत नसे. आंत सरकारमान्य विषयाचें प्रदर्शन मांडलें कीं भिंती वांचत. ह्याच हिशेबानें ही योजना झाली असें सांगतात, आणि तें संभवनीय आहे.

आतां तो काळ गेल्यावर आंतील साहित्य काढून चर्च पूर्ववत् करावें काय? आमच्या मतें करूं नये. चर्मपत्रावरील जुना मजकूर खरवडून त्यावर नवा मजकूर लिहिलेल्या पोथ्या युरोपांत सांपडतात. त्यांत खालचें अक्षर जितकें महत्त्वाचें तितकेंच वरचें अक्षरहि त्या त्या काळाचा पुरावा असतें. हें चर्च तशी पोथी आहे. वरचें अक्षर पुसलें तर वीसाव्या शतकांत लोकांनीं देवालयें कोणत्या युक्तीनें राखलीं ह्याचा एक साक्षीदार नाहींसा होईल. दारावर चार ओळींत ही हकीकत लिहावी, म्हणजे विडंबनाचा इतिहास होईल.

४. बातूरिन

चेर्निहिव प्रांतांतील बातूरिन येथें आमच्या कसोटीचा खरा कस लागतो. १६६९ पासून हें कोसॅक अधिपतींचें राजधानीचें गांव होतें. मझेपा स्वीडनच्या राजास मिळाला तेव्हां १७०८ च्या नोव्हेंबरांत झार पीटरचा सेनापति मेन्शिकोव ह्यानें तें जाळून उद्ध्वस्त केलें, व हजारों माणसें मारलीं. पुढें १७५० पासून किरिलो रोझुमोव्स्की ह्या अधिपतीनें तेथें पुन्हां वस्ती केली. त्याच्यासाठीं चार्ल्स कॅमेरॉन ह्या स्थापत्यकारानें १७९९ ते १८०३ ह्या काळांत बांधलेला वाडा १८२४ सालीं जळाला, व नंतर दीर्घकाळ पडीक राहिला.

१९९३ सालीं हें क्षेत्र राखीव ठरलें, १९९५ पासून पद्धतशीर उत्खनन सुरू झालें, आणि २००९ सालीं दोन मोठीं कामें पुरीं झालीं: कॅमेरॉनच्या वाड्याचा जीर्णोद्धार, आणि जुन्या बालेकिल्ल्याच्या जागीं तट, बुरूज, चर्च व अधिपतीचें घर ह्यांसह लांकडी किल्ल्याची नवी उभारणी. हीं दोन कामें एकाच पंक्तीस बसवूं नयेत. वाड्याच्या भिंतींचा सांगाडा जुना होता. आंतील सजावट मात्र नवी आहे. ह्यास जीर्णोद्धार म्हणतां येईल, कारण फाटक्या पत्राच्या कडेस कागद चिकटविण्यासारखें तें आहे. किल्ल्याचें तसें नाहीं. जळालेल्या लांकडी किल्ल्याचें उत्खननांत जें हातीं लागतें तें पाया, खंदकाची रेषा, खांबांचे खळगे व राखेचे थर. त्यावरून जमिनीवरील आंखणी कळते. तटाची उंची, बुरुजाच्या छपराचा आकार, घराचे सज्जे, हे तुलनेनें व तर्कानें ठरवावे लागतात. म्हणजे प्रेक्षकाच्या डोळ्यांत जें भरतें तें बहुतेक कल्पित पाठ आहे, आणि जें प्रमाण आहे तें त्याच्या पायाखालीं आहे.

अशी उभारणी करूंच नये, असें १९६४ सालीं व्हेनिस येथें स्मारकांच्या रक्षणाविषयीं जी सनद झाली तिच्या कडव्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें पडेल. कारण जेथें अनुमान सुरू होतें तेथें दुरुस्ती थांबली पाहिजे, हें तिचें एक मुख्य तत्त्व आहे. आम्ही इतके कठोर होऊं इच्छीत नाहीं. ज्या गांवाची राखरांगोळी झाली आणि ज्याचें दुःख उघडपणें बोलण्याची पिढ्यान्‌पिढ्या सोय नव्हती, त्या गांवच्या लोकांनीं आपला तट पुन्हां उभा केलेला पाहावा असें मनांत आणलें, तर त्यांस दोष देणें निर्दयपणाचें होईल. स्मारक म्हणून तो किल्ला आम्हांस मान्य आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, स्मारक हा पुरावा नव्हे, आणि ज्या क्षणीं प्रेक्षक त्यास सतराव्या शतकांतील किल्ला समजूं लागतो त्या क्षणीं संपादकाच्या हातून प्रक्षेप मूळ संहितेंत शिरतो.

उपाय अवघड नाहीं. उत्खननांत मिळालेली रेषा जमिनीवर वेगळ्या रंगाच्या दगडानें आंखावी. प्रत्येक इमारतीच्या दारीं, पाया सांपडला कीं नाहीं, वरचा आकार कशावरून घेतला, हें दोन वाक्यांत लिहावें. हीच ती नागमोडी रेघ. सामान्य प्रेक्षकास ही कटकट नको असते, असा एक आक्षेप येतो. परंतु शेतकरीहि आपल्या घराची जुनी भिंत कोणती व नवी कोणती हें पाहुण्यास कौतुकानें सांगतो; लोकांस हें कळत नाहीं असें समजणें हा त्यांचा अपमान आहे.

ह्याच गांवीं सतराव्या शतकाच्या अखेरचें, कोचुबेय ह्या न्यायाधिकाऱ्याचें म्हणून ओळखलें जाणारें एक लहान दगडविटांचें घर टिकून आहे. १७०८ च्या आगींतून वांचलेली ती साक्ष आहे. भव्य किल्ल्याच्या मानानें तें घर डोळ्यांत भरत नाहीं. पण बातूरिनला जाणाऱ्या अभ्यासकानें आधीं त्या घरापाशीं उभें राहावें, आणि मग किल्ल्याकडे वळावें.

५. ओलेस्को आणि द्रोहोबिच

ल्वीव प्रांतांतील ओलेस्कोची गढी हें पोलंडचा राजा सोबिएस्की ह्याचें जन्मस्थान (१६२९). ल्वीवच्या चित्रशाळेचा चालक बोरिस वोझ्नित्स्की (१९२६–२०१२) ह्यानें १९७५ सालीं तेथें संग्रहालय उघडलें. सरकारी हुकुमानें बंद पडलेल्या चर्चांतून मूर्ति, चित्रें व वेदींचीं लांकडी शिल्पें कुजत पडलीं होतीं. तीं ह्या गृहस्थानें खेडोपाडीं हिंडून गोळा केलीं. अठराव्या शतकांतील पिन्झेल ह्या थोर शिल्पकाराचीं कामें आज जगास ठाऊक आहेत तीं बव्हंशीं ह्याच खटपटीमुळें. होदोवित्स्या येथील चर्चांतून त्याचीं शिल्पें हलविलीं होतीं म्हणून वांचलीं; त्या चर्चाचा आंतील भाग पुढें आगींत नष्ट झाला. वेदीवरून सुटलेली मूर्ति प्रकरणांतून सुटलेल्या श्लोकासारखी असते. सुंदर खरी, पण ती कोणाकडे पाहत होती तें कळत नाहीं. तरीहि ज्यानें ती वांचविली त्याच्यावर तिचें स्थान हिरावल्याचा आरोप कोणी करूं नये. तिच्यापाशीं मूळ चर्चाचें नांव व वेदीवरील तिची जागा नोंदलेली असली म्हणजे तुटलेला संबंध निदान कागदावर तरी जुळतो.

द्रोहोबिच येथें मात्र संबंध तोडणें हाच वादाचा विषय झाला. हें मिठागरांचें जुनें गांव. तेथील संत जॉर्जचें लांकडी चर्च सतराव्या शतकांत दुसऱ्या गांवाहून मीठ देऊन विकत आणलें अशी परंपरा आहे. २०१३ सालीं युनेस्कोनें पोलंड व युक्रेनमधील ज्या १६ लांकडी चर्चांस जागतिक वारशाचा मान दिला त्यांत हें एक आहे. ह्याच गांवीं ब्रूनो शुल्त्स हा पोलिश भाषेंतील ज्यू लेखक व चित्रकार राहत असे. जर्मन अमलांत एका गेस्टापो अधिकाऱ्याच्या मुलांच्या खोलींत त्यास भिंतीवर परीकथांचीं चित्रें काढावीं लागलीं, आणि १९४२ च्या नोव्हेंबरांत त्यास भर रस्त्यांत गोळी घालून मारण्यांत आलें. २००१ च्या फेब्रुवारींत एका जर्मन चित्रपटकारास तीं चित्रें रंगाच्या थरांखालीं सांपडलीं. त्याच वर्षीं मे महिन्यांत जेरुसलेम येथील याद वाशेम ह्या स्मारकसंस्थेच्या लोकांनीं त्यांचे कांहीं भाग भिंतीपासून सोडवून नेले. मोठा वाद झाला. अखेर २००८ सालीं असा करार झाला कीं, चित्रें युक्रेनचीं, पण वीस वर्षें तीं जेरुसलेम येथें राहावीं. उरलेले तुकडे द्रोहोबिचच्या संग्रहालयांत आहेत.

ज्यांचें सर्वस्व नष्ट झालें त्या समाजास आपल्या माणसाची शेवटची खूण जवळ असावी असें वाटलें, हें आम्ही समजूं शकतों. पण हीं चित्रें कागदावर काढलेलीं नव्हतीं. त्या घराच्या, त्या खोलीच्या भिंतीवर काढलेलीं होतीं, आणि कोणाच्या हुकुमावरून तीं काढावीं लागलीं हें ती खोलीच सांगत होती. पोथीचीं चार पत्रें एका ग्रंथालयांत व चार दुसऱ्यांत असलीं तर जो शोक आपण करतों तोच येथें करावा लागतो. शिवाय, कांठावरची पोथी उचलणें आणि घरांतील पोथी नेणें ह्यांत भेद आहे. पेरेयास्लावीं पाणी येत होतें; द्रोहोबिच येथें तसें कांहीं येत नव्हतें.

६. युद्ध आणि नोंदवही

२०२२ च्या फेब्रुवारींत रशियानें आक्रमण केल्यावर ह्या चर्चेस निराळेंच गांभीर्य आलें. आरंभींच्याच दिवसांत कीव प्रांतांतील इवान्किव येथील संग्रहालय जळालें. मारिया प्रिमाचेन्को (१९०९–१९९७) ह्या ग्रामीण चित्रकर्त्रीचीं कांहीं चित्रें गांवकऱ्यांनीं आगींतून बाहेर काढलीं म्हणून राहिलीं. मे महिन्यांत खार्किव प्रांतांतील स्कोवोरोदिनिव्का येथें, हिरहोरी स्कोवोरोदा हा तत्त्वज्ञ १७९४ सालीं जेथें वारला तेथील अठराव्या शतकांतील वाड्यावर, त्याच्याच संग्रहालयावर, क्षेपणास्त्र पडलें व वाडा भस्मसात् झाला. संग्रहांतील अधिक मौल्यवान वस्तु आधींच हलविल्या होत्या म्हणून त्या वांचल्या. २०२५ च्या आरंभापर्यंत युनेस्कोनें पडताळून पाहिलेल्या नुकसान झालेल्या सांस्कृतिक स्थळांची संख्या ४५० वर गेली होती.

जळणें एक, आणि नेलें जाणें दुसरें. २०२२ च्या शरद् ऋतूंत ख़ेर्सोन शहरांतून माघार घेतांना रशियन लोकांनीं तेथील कलासंग्रहालयांतील हजारों वस्तु क्रिमियांत नेल्या. ख़ेर्सोन हें लहान गांव नव्हे, पण त्याचें उदाहरण लहान गांवांसच अधिक लागू आहे. त्या संग्रहालयाचे लोक पुढें, सिंफेरोपोल येथें ठेवलेल्या वस्तूंचीं जीं छायाचित्रें बाहेर येत, त्यांवरून आपलें एकेक चित्र ओळखून यादी प्रसिद्ध करीत राहिले. हें कशाच्या बळावर? जुन्या नोंदीच्या बळावर. ज्या वस्तूची लांबी-रुंदी, डाग, भेग व दाखल झाल्याची तारीख लिहिलेली आहे, ती चोराच्या घरींहि आपली म्हणून ओळखतां येते. जिची नोंद नाहीं ती भिंतीवर असतांनाच अर्धी गेलेली असते.

येथें आमच्या कसोटीचें खरें प्रयोजन उघड होतें. मूळ कोणतें, आणलें कोठून, नवें काय घातलें, हा विवेक शांततेच्या काळीं विद्वानांचा सोवळेपणा वाटतो. युद्धकाळीं तोच मालकीचा दाखला होतो. बातूरिनचा नवा किल्ला उद्यां जळाला तर परवां पुन्हां बांधतां येईल, कारण त्याचे आराखडे आहेत. कोचुबेयचें घर गेलें तर तें गेलेंच.

७. निर्णय

एकंदरींत ह्या गांवांचा गुण असा कीं, त्यांनीं वस्तूंवर प्रेम केलें. सिकोर्स्की व वोझ्नित्स्की ह्यांच्यासारखीं माणसें प्रतिकूल राजवटींतहि गाड्या जोडून खेडोखेडीं हिंडलीं, आणि जें हातीं आलें तें राखलें. दोष असा कीं, राखलेल्या वस्तूची संहिता नीट संपादित करण्याचें काम अनेक ठिकाणीं अपुरें दिसतें. प्रेमाच्या भरांत मूळ व कल्पित ह्यांची सीमा पुसट झाली. ओस्त्रोहास स्थळ व वस्तु दोन्ही आहेत, तेव्हां त्यानें ग्रंथाचा पाठ उलगडावा. पेरेसोप्नित्सियानें स्थळाचा अभिमान धरावा व प्रतिकृतीस प्रतिकृति म्हणावें. पेरेयास्लावनें प्रत्येक घराचें मूळ गांव दारावर लिहावें, अवकाशाच्या चर्चासकट. बातूरिननें आपल्या किल्ल्याखालीं नागमोडी रेघ ओढावी. आणि द्रोहोबिचसारख्या प्रकरणीं, धोका टळलेला असतांना, भिंतीवरील वस्तु भिंतीवरच सोडावी.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं रुमालांत बांधलेलीं दप्तरें व पोथ्या आहेत. त्या कोणत्या गांवच्या कोणत्या घराण्याकडून कधीं मिळाल्या, बांधणी सोडली तेव्हां पत्रांचा क्रम कसा होता, कोणतीं पत्रें मागाहून जुळविलीं, हें संग्राहकास आज तोंडपाठ असतें व म्हणून लिहिलेलें नसतें. संग्राहक गेला कीं ती माहिती त्याच्याबरोबर जाते. दूरच्या देशांतील ह्या लहान संग्रहालयांचें परीक्षण वाचून कोणी आपल्या संग्रहाची एक साधी नोंदवही करावयास घेतली, तर ह्या लेखाचा हेतु सफल झाला असें आम्ही समजूं.